एकट्याची नाव

मुलचेऱ्यात उभे राहून समुद्राविषयी बोलावे, म्हणजे समुद्रकाठी उभे राहून सागवानाविषयी बोलण्यासारखे झाले, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की, दोन्ही गोष्टी करण्याजोग्या आहेत. कारण साग आणि समुद्र यांचे नाते आपण समजतो त्याहून पुष्कळ जवळचे आहे. त्याविषयी पुढे येईलच.

इथून जवळात जवळचा समुद्र म्हणजे बंगालचा उपसागर. तोही सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरांच्या पलीकडे. मुंबईचा समुद्र त्याच्या दुप्पट दूर. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिला नसेल. ज्यांनी पाहिला त्यांनी तो सहलीतल्या एखाद्या संध्याकाळी, पायाचे घोटे भिजतील इतकाच पाहिला असेल. तरीही दिना नदीचे पाणी प्राणहितेला मिळते, प्राणहिता सिरोंचापाशी गोदावरीला मिळते आणि गोदावरी ते सारे घेऊन समुद्राला जाते. म्हणजे आपल्या बांधीतून ओघळलेल्या पाण्याला समुद्राची वाट ठाऊक आहे. ठाऊक नाही ती आपल्याला. याच तालुक्यातल्या कितीतरी बंगाली कुटुंबांची आजोबा-पणजोबांची पिढी १९६० नंतरच्या वर्षांत पूर्व बंगालातून विस्थापित होऊन या रानात आली. नद्यांच्या मुलखातून आलेल्या त्या पिढीला नाव ही बैलगाडीइतकी ओळखीची होती. नातवंडांच्या दारापुढे आज धानाच्या बांध्या आहेत आणि त्यांच्यामागे सागाचे रान आहे.

आमचा विषय आहे एकट्या माणसाने लहानशा शिडाच्या नावेतून महासागर ओलांडण्याचा. ऐकणाऱ्याला पहिल्याने वाटते, हा वेडेपणा असावा. दुसऱ्यांदा वाटते, ही अचाट मर्दुमकी असावी. दोन्ही समज खोटे आहेत, हे सांगण्यासाठीच आम्ही हा विषय घेतला आहे.

एका मराठी माणसाची प्रदक्षिणा

१९ ऑगस्ट २००९ रोजी भारतीय नौदलातील कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' नावाची शिडाची नाव घेऊन मुंबईहून एकटे निघाले. हिंदी महासागर ओलांडून त्यांनी ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल गाठले. तेथून न्यूझीलंडचे लिटल्टन. मग प्रशांत महासागराचे दक्षिण टोक कापून, दक्षिण अमेरिकेच्या केप हॉर्नला वळसा घालून फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅन्ली. पुढे आफ्रिकेतील केप टाउन. आणि तेथून परत मुंबई. केप हॉर्नचे भूशिर त्यांनी ओलांडले तो दिवस २६ जानेवारी २०१० चा, आपल्या प्रजासत्ताक दिनाचा होता. मे २०१० मध्ये ते मुंबईस परतले. शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

या प्रवासाला नऊ महिने लागले. परंतु दोंदे या कामी रुजू झाले होते २००६ साली. म्हणजे नऊ महिन्यांच्या प्रवासामागे तीन वर्षांहून अधिक तयारी होती. दोंदे नौदलात पाणबुडे अधिकारी होते. पाण्याचे त्यांना भय नव्हते. पण महासागरात एकट्याने नाव हाकणे ही विद्या वेगळी, आणि ती आपल्या देशात शिकवील असे कोणी नव्हते. तेव्हा ते इंग्लंडला जाऊन सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या जुन्या दर्यावर्द्याच्या हाताखाली राबले. नावेचा प्रत्येक दोर, प्रत्येक कप्पी, प्रत्येक खिळा त्यांना माहीत असणे अवश्य होते. कारण भर समुद्रात मोडले ते जोडायला दुसरे कोण येणार? म्हणून नाव बांधली जात असतानाच ते तिच्यापाशी जाऊन राहिले.

नाव बांधली ती गोव्यातील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांनी. मांडवी नदीकाठच्या त्यांच्या कारखान्यात तोवर अशी महासागरी नाव कधी बांधलेली नव्हती. आराखडा हॉलंडचा, पण हात इथले. लाकडाच्या पट्ट्यांचे अंग, त्यावर काचतंतूंचे आवरण, लांबी छप्पन्न फूट. मांडवीला वरच्या अंगाला म्हादेई म्हणतात. त्या नदीचे नाव नावेला दिले.

या साऱ्याच्या मुळाशी आणखी एक माणूस होता: निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी. १९७१ च्या युद्धात 'कामोर्टा' या युद्धनौकेचे ते कप्तान होते आणि त्या युद्धातील कामगिरीसाठी त्यांना वीरचक्र मिळाले. भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या नावेतून, एकट्याने पृथ्वीला प्रदक्षिणा घालावी, ही कल्पना त्यांची. आता आवटी निवृत्तीनंतर राहत कोठे होते? समुद्रकाठी नव्हे, सातारा जिल्ह्यातील फलटणजवळ विंचुर्णी या गावी, दुष्काळी मुलखात, झाडे लावत. २०१८ साली ते वारले. समुद्राचा ध्यास घेण्यासाठी समुद्र अंगणात असावा लागतो असे मुळीच नाही, याचा दाखला म्हणून आम्ही हे नमूद करतो.

एवढीशी नाव बुडत का नाही?

छप्पन्न फूट म्हणजे एस. टी.च्या दीड गाडीएवढी लांबी. महासागरात ती काहीच नव्हे. पण याहूनही लहान नावा महासागर ओलांडून गेल्या आहेत. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. त्याची 'स्प्रे' ही नाव सुमारे सदतीस फुटांची होती आणि १८९५ ते १८९८ या तीन वर्षांत त्याने ती फेरी पुरी केली. नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहैली' बत्तीस फुटांची, म्हणजे एस. टी.च्या गाडीहूनही आखूड. १९६५ साली रॉबर्ट मॅनरी नावाच्या अमेरिकन वृत्तपत्रकाराने साडेतेरा फुटांच्या 'टिंकरबेल'मधून अटलांटिक महासागर ७८ दिवसांत ओलांडला.

आपल्याला सर्वांत जवळची वाटावी अशी हकीकत आहे हानेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरची. १९५५ साली त्याने एका झाडाच्या खोडात कोरलेल्या नावेतून एकट्याने अटलांटिक ओलांडला. म्हणजे चक्क डोंग्यातून! वैनगंगेवर, प्राणहितेवर, इंद्रावतीवर आपण जो डोंगा पाहतो, त्याच जातीची ती आफ्रिकेतील लायबेरियाची नाव. त्याने तिला शीड लावले, तळाला वजन दिले, वरून झाकण घातले आणि कॅनरी बेटांवरून निघून पासष्ट दिवसांनी वेस्ट इंडीजमधील सेंट क्रॉय बेट गाठले.

मग ही नाव बुडत का नाही? धानाच्या शेतावरून वारा वाहू लागला म्हणजे लाट या बांधापासून त्या बांधापर्यंत धावत गेलेली आपल्याला दिसते. पण धानाचे रोप मात्र जागच्या जागी झुलते. भर समुद्रातल्या लाटेचेही तसेच आहे. धावतो तो आकार. पाणी जवळपास जागच्या जागी वरखाली होते. लहान हलकी नाव त्याबरोबर वर चढते आणि खाली उतरते. भीती असते ती माथा फुटलेल्या लाटेची. कारण तिथे पाणी खरोखरच अंगावर कोसळते.

अशा कोसळत्या लाटेने नाव आडवी केली तर? आपल्याकडे तळात वजन भरलेली बाहुली मिळते. कितीही आडवी पाडा, ती पुन्हा उभी राहते. नावेच्या तळाशी जो कणा असतो, कोकणात ज्याला पठाण म्हणतात, त्याला लोखंडाचे अथवा शिशाचे मोठे वजन दिलेले असते. वरची दारे घट्ट लावलेली असतील आणि पाणी आत शिरले नसेल, तर आडवी झालेली नाव या वजनाने पुन्हा सरळ होते. यातला महत्त्वाचा शब्द 'तर' हा आहे. दार नीट लावले आहे की नाही, हे त्या एकट्या माणसाला दिवसातून दहा वेळा पाहावे लागते.

दुसरा प्रश्न मुले हमखास विचारतात: वारा समोरून आला तर नाव पुढे कशी जाते? ओला चिंचोका दोन बोटांत धरून दाबला तर तो सुळकन पुढे उडतो. आपण त्याला पुढे ढकललेले नसते. दोन्ही बाजूंनी दाबलेले असते. शिडावरचा वारा नावेला कडेला लोटतो. पाण्यातला खोल कणा तिला कडेला जाऊ देत नाही. या दोहोंच्या मध्ये सापडलेली नाव पुढे सरकते. अगदी वाऱ्याच्या तोंडावर मात्र तिला जाता येत नाही. तेव्हा घाटातल्या रस्त्यासारखी डावी-उजवी वळणे घेत ती वारा चढून जाते.

वाट कशी सापडते?

समुद्रात रस्ता नाही, मैलाचा दगड नाही. पण वाऱ्याला नेमलेल्या वाटा आहेत. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना वर्षभर पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे आहेत. त्यांच्या पाठबळावर लिंडेमानचा डोंगा पश्चिमेस गेला. दक्षिणेस चाळीस अंशांच्या खाली पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे प्रचंड वारे आहेत. तिथे त्यांना अडवायला जमीनच जवळजवळ नाही. म्हणून पृथ्वीप्रदक्षिणा करणारी नाव आधी दक्षिणेस उतरते, त्या वाऱ्याला पाठ देते आणि पूर्वेकडे धावत जाते. तिथेच थंडी सर्वांत जास्त, लाटा सर्वांत उंच आणि मदत सर्वांत दूर.

आपण कोठे आहोत हे आज उपग्रहाच्या साहाय्याने क्षणात कळते. पण यंत्र बंद पडले तर? म्हणून शहाणा दर्यावर्दी आजही आकाश वाचायला शिकतो. ते आपल्यालाही मुलचेऱ्यात बसून शिकता येते.

रात्री उत्तरेकडे तोंड करून हात लांब करा आणि वीत पसरा. ती वीत आकाशात सुमारे वीस अंश मापते. मुलचेऱ्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून जवळपास एवढाच वर दिसतो. कारण आपण विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे वीस अंशांवर आहोत. ध्रुव जितका वर, तितके आपण उत्तरेस. मुंबईहून दक्षिणेला निघालेल्या नावेतून हा तारा रोज थोडा थोडा खाली जाताना दिसतो आणि विषुववृत्तापाशी समुद्रात बुडतो. लहानपणापासून जो तारा अढळ म्हणून ऐकला, तो डोळ्यांदेखत मावळताना एकट्या माणसाला काय वाटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे त्याला सूर्यावर आणि दक्षिणेच्या ताऱ्यांवर विसंबावे लागते. सूर्याचेही माप असेच. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मुलचेऱ्यात अंगणात काठी उभी करून पाहा. मध्यान्ही तिची सावली नाहीशी होते. सूर्य बरोब्बर माथ्यावर आलेला असतो. दर्यावर्दी हीच काठी-सावलीची विद्या कोन मापण्याच्या यंत्राने, हलत्या नावेवर उभा राहून करतो.

पूर्व-पश्चिम कळण्यासाठी घड्याळ लागते. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांना एक अंश. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाला धरून लावलेले आहे आणि मुलचेरा ८० रेखांशाच्या आसपास आहे. म्हणून, सूर्याच्या चालीतला बारीक फरक सोडला तर, इथली खरी मध्यान्ह घड्याळात बारा वाजून दहा मिनिटांनी होते. या दहा मिनिटांवरूनच कळते की आपण त्या रेषेच्या अडीच अंश पश्चिमेस आहोत. समुद्रातही एवढेच गणित. फक्त घड्याळ चुकता कामा नये. चार सेकंदांची चूक विषुववृत्तापाशी एका सागरी मैलाची चूक होते, आणि सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर.

झोप, पाणी आणि मन

आता कोणी विचारील, एकटा माणूस झोपतो कधी? नाव थांबवून ठेवता येत नाही आणि भर समुद्रात नांगर तळाला लागत नाही. लहान नावेत उभ्या माणसाचे क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरांवर असते. एखादे मोठे जहाज नजरेस पडल्यापासून अंगावर येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे जातात. म्हणून जहाजांच्या वाटेवर एकटा दर्यावर्दी एका वेळी वीस मिनिटेच झोपतो. उठून चारी दिशा पाहतो. पुन्हा वीस मिनिटे. दूर दक्षिणेला, जिथे जहाज क्वचितच येते, तिथे थोडी मोठी झोप मिळते. तेवढा वेळ वाऱ्यावर चालणारे यंत्र सुकाणू सांभाळते.

पाणी तर साऱ्या बाजूंनी असते. पण ते पिता येत नाही. समुद्राच्या पाण्यातील मीठ बाहेर टाकायला शरीराला जितके पाणी लागते, ते प्यालेल्या पाण्याहून अधिक असते. तहानेने व्याकूळ माणूस ते प्याला तर तहान वाढते आणि शेवटी बुद्धी फिरते. म्हणून पिंपे भरून घ्यावी लागतात, शिडावरून ओघळणारे पावसाचे पाणी धरावे लागते. आजकाल खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्रही असते.

झोप आणि पाणी यांची तजवीज झाली तरी मन राहतेच. लिंडेमानने १९५६ साली दुसरा प्रवास केला तो घडी घालता येणाऱ्या, कापडी अंगाच्या होडीतून, बहात्तर दिवस. त्याआधी कित्येक महिने तो काही ठरावीक वाक्ये स्वतःशी घोकत असे: मी पार पडणार, मी मदत मागून वाट सोडणार नाही. नामस्मरणाची सवय असलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. थकव्याने भास होऊ लागले, कानांत आवाज येऊ लागले, तेव्हा घोकून अंगी मुरलेले तेवढेच कामी आले.

मुंबईची सुहैली

दोंदे ज्यांच्यापाशी शिकले त्या नॉक्स-जॉन्स्टन यांची नाव आपल्याच मुंबईत बांधलेली होती, हे फार थोड्यांना माहीत असते. व्यापारी जहाजांवरचे हे तरुण इंग्रज अधिकारी मुंबईत असताना त्यांनी १९६३-६४ साली 'सुहैली' बांधून घेतली. अंग सागवानी. मुंबईच्या सुतारांनी वाकसाने फळ्या तासल्या आणि दोरीच्या सामत्याने भोके पाडली. म्हणजे आपल्या गावचा सुतार जी हत्यारे वापरीत आला, तीच.

साग का? सागाच्या लाकडात तेल असते. त्यामुळे ते पाण्यात लवकर कुजत नाही, उन्हात फारसे तडकत नाही, वाळवी-कीड त्याला सहसा लागत नाही आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळा टिकतो. वाडिया घराण्याने मुंबईत सागाची जहाजे बांधली, त्यांपैकी १८१७ सालची 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. आलापल्लीच्या वनवैभवातील साग पाहून आपण फार तर पलंग-दरवाजांचा हिशेब करतो. जगातील दर्यावर्दी त्याच लाकडात समुद्राला पुरून उरणारी नाव पाहतात.

१४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन 'सुहैली' घेऊन इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून निघाले. अट अशी होती की, एकट्याने, कोठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची. नऊ जण या शर्यतीत उतरले. नॉक्स-जॉन्स्टन यांचे पिण्याचे पाणी नासले, रेडिओ बंद पडला, सुकाणू सांभाळणारे यंत्र मोडले. नावेला पाण्याखालच्या अंगाला गळती लागली तेव्हा ते स्वतः पाण्यात उतरले आणि कापडाची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकून भेग बुजवली; मध्येच एक शार्क मासा घिरट्या घालू लागला, त्याला वर चढून गोळी घालावी लागली. २२ एप्रिल १९६९ रोजी ते फाल्मथला परतले. मध्ये ३१२ दिवस गेले होते. नावेचा सरासरी वेग भरभर चालणाऱ्या माणसाहून थोडाच अधिक होता. नऊ जणांत पूर्ण फेरी केली ती त्यांनी एकट्यानेच, आणि न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्राउहर्स्ट नावाचा एक गृहस्थ होता. हुशार, कल्पक, चार मुलांचा बाप आणि कर्जात बुडालेला. नाव अर्धवट तयार असताना शेवटची मुदत गाठण्यासाठी तो ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी निघाला. थोड्याच दिवसांत त्याला कळून चुकले की ही नाव दक्षिणेच्या समुद्रात टिकणार नाही. परत फिरावे तर दिवाळे आणि नाचक्की. पुढे जावे तर मरण. त्याने तिसरी वाट काढली. अटलांटिकमध्येच घुटमळत राहून तो रेडिओवरून खोटी ठिकाणे कळवू लागला आणि खोट्या नोंदी रचू लागला. जग त्याच्या वेगाचे कौतुक करू लागले. महिनोन्‌महिने तो त्या खोटेपणाबरोबर एकटा राहिला. १० जुलै १९६९ रोजी त्याची नाव सापडली, तो नव्हता. आत दोन्ही प्रकारच्या नोंदी होत्या, आणि अखेरच्या नोंदींत बुद्धी ढळल्याच्या खुणा होत्या.

नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपल्याला मिळालेले पाच हजार पौंडांचे बक्षीस क्राउहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

ही हकीकत आम्ही कोणाला नावे ठेवण्यासाठी सांगितली नाही. तयारी अपुरी आहे हे कबूल करण्याचे धैर्य किनाऱ्यावर झाले असते, तर समुद्रात मरणाची वेळ आली नसती, एवढेच तिचे तात्पर्य. 'माझ्याने होत नाही, मी परत फिरतो' असे म्हणता येणे हाही शौर्याचाच भाग आहे. आणि असे म्हणणाऱ्याची टवाळी न करणे हे समाजाचे काम आहे.

एकटा म्हणजे किती एकटा?

दोंदे यांच्यानंतर अभिलाष टॉमी या नौदल अधिकाऱ्याने त्याच 'म्हादेई'तून १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघून, कोठेही न थांबता, एकट्याने प्रदक्षिणा केली आणि ते पाच महिन्यांनी परतले. २०१८ साली ते पुन्हा एका जागतिक शर्यतीत उतरले. या वेळी नाव होती 'तुरिया', गोव्यात दांडेकरांकडेच 'सुहैली'च्या घडणीवर बांधलेली. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नाव उलथली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीचा कणा दुखावला. जागचे हलता येईना. तेव्हा ऑस्ट्रेलियाने शोधाची सूत्रे हलवली, भारतीय नौदलाचे विमान वरून घिरट्या घालून आले आणि फ्रान्सच्या 'ओसिरिस' या मासेमारीवर देखरेख करणाऱ्या जहाजाने त्यांना उचलले. एका एकट्या माणसासाठी तीन देश धावले. पुढे २०२२ मध्ये टॉमी पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले.

म्हणून 'एकटा' हा शब्द जपून वापरावा. दोंदे यांच्या नावेत एकच माणूस होता. पण त्या नावेत दांडेकरांच्या कारागिरांचे हात होते, आवटींचा ध्यास होता, नॉक्स-जॉन्स्टन यांचे शिक्षण होते आणि प्रत्येक बंदरात दुरुस्तीला धावलेली माणसे होती. आमच्या जुन्या धर्मग्रंथांनी समुद्रगमन कलिवर्ज्य ठरवले. पण ज्या कोळ्यांनी, खारव्यांनी, भंडाऱ्यांनी ते कधी मानले नाही, त्यांच्याच जिवावर मराठ्यांचे आरमार उभे राहिले. समुद्र ही एका जातीची अथवा एका किनाऱ्याची मिरास नव्हे. २०१७-१८ साली नौदलाच्या सहा स्त्रियांनी 'तारिणी' या नावेतून प्रदक्षिणा केली. त्यांच्या म्होरक्या वर्तिका जोशी उत्तराखंडच्या. एक जण हिमाचलमधल्या कुल्लूची, एक मणिपूरची. डोंगरातल्या मुली समुद्राला पुऱ्या पडल्या, तर रानातल्या मुलामुलींनी मागे का राहावे?

परंतु हे म्हणताना आमच्या मनाला एक गोष्ट टोचते. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात नाले-नद्या भरल्या की कितीतरी गावांची वाट तुटते. मग बाजाराला, दवाखान्याला, शाळेला माणसे डोंग्यातून जातात. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला निघालेल्या मजूर स्त्रिया बुडाल्या. त्या काही पराक्रम गाजवायला निघाल्या नव्हत्या. दिवसाची मजुरी पदरात पडावी म्हणून निघाल्या होत्या.

तीन गोष्टी निराळ्या ओळखल्या पाहिजेत. पूर्ण तयारीने, आपखुशीने पत्करलेला धोका म्हणजे धाडस. तयारीवाचून पत्करलेला धोका म्हणजे अविचार. आणि दुसरी वाटच नाही म्हणून पत्करावा लागलेला धोका म्हणजे नाइलाज. दोंदे यांचे धाडस, क्राउहर्स्टचा अविचार. आणि गणपूरच्या त्या स्त्रियांचा नाइलाज. पहिल्याला मानाचा मुजरा करावा, दुसऱ्यापासून धडा घ्यावा. तिसऱ्याचे मात्र कौतुक करू नये. 'आपली माणसे किती धीट, भरल्या नदीतून डोंगा घालतात' असे कोणी म्हणू लागला तर त्याला तिथेच थांबवावे आणि पूल कधी होणार ते विचारावे.

पूल होईपर्यंत तरी एक गोष्ट आपल्या हाती आहे. महासागरावरचा मुरलेला दर्यावर्दीसुद्धा वादळात वर यायचे झाले की कमरेची दोरी आधी नावेला बांधतो, मग पाऊल टाकतो. यात त्याला कमीपणा वाटत नाही. आपल्या डोंग्यात मात्र तरंगणारे जाकीट घालायला माणूस लाजतो, आणि पुष्कळ ठिकाणी ते जाकीटच नसते. प्रत्येक घाटावर चार-सहा जाकिटे असावीत, डोंग्यात किती माणसे बसवायची याचा नियम असावा, नदीकाठच्या प्रत्येक मुलामुलीला पोहता यावे. याला महासागर लागत नाही. ग्रामपंचायतीचा एक ठराव आणि गावच्या ढिवर बांधवांचा सल्ला पुरेसा आहे.

एवढे झाले की मग एखाद्या मुलाने अथवा मुलीने उठून म्हणावे, 'मला समुद्र पाहायचा आहे.' आपण त्याला हसू नये. शीड कसे चालते, तारे कसे वाचतात, गाठ कशी मारतात आणि परत केव्हा फिरायचे, हे सारे त्याला आधी शिकू द्यावे. आणि मग जाऊ द्यावे. दिनेचे पाणी रोज तिकडेच जाते आहे.